डोणीची पन्हळ

रखमाजीची बायको सरुबाई माघात गेली आणि वैशाखात त्याच्या वळचणीची पन्हळ गळून पडली. आंब्याचं लाकूड, कुजायचंच होतं. आंबी गावातल्या लोकांना पहिल्या गोष्टीवर फारसं बोलता आलं नव्हतं. दुसरीवर मात्र सगळ्यांनाच बोलायचं होतं.

रखमाजीची काळजी वेगळी होती. पन्हळीखालची भिंत मातीची, आणि तिच्यावरचं शेवटचं लिंपण सरुबाईचं. तिच्या बोटांचे फराटे अजून जसेच्या तसे होते. तिचा फोटो काढायची ऐपतही नव्हती आणि रीतही नव्हती. भिंत तेवढी होती. छपराचं पाणी तिच्यावर उडालं की आषाढात सगळा चिखल होऊन अंगणातून वाहून जाणार.

"सागाची पन्हळ घे," एकानं सांगितलं.

"मयताच्या घरात वरीस सरंपातुर छपराला नवं लाकूड चढवायचं न्हाई," अंबाजी आबा म्हणाले.

सगळ्यांनी माना हलवल्या. आबांचं स्वतःचं छप्पर गेल्या पावसात गुरांवर बसलं होतं, पण त्यांचे नियम कुठंही गळत नव्हते.

वाट काढली ती सरुबाईच्या भावानं, हौशीरामनं. तो उन्हाळाभर लोणावळ्याला बंगल्यांना रंग देई आणि पावसाळाभर त्या बंगल्यांबद्दल बोले.

"दाजी, पत्रा म्हंजे काय लाकूड हाय व्हय? पत्र्याची लावा. आमच्या सेठच्या बंगल्याला हाय. खाली नक्षीची झालर, वर हिरवा रंग. डोळं दिपत्यात."

पत्रा लाकडात धरायचा की नाही, यावर पारावर बराच खल झाला. शेवटी आबांनी पत्र्याला सूट दिली.

"पर टिकंल का?" रखमाजीनं विचारलं.

"अवो, सेठच्या घरी हाय!"

दोघं लोणावळ्याला गेले. बंगल्याचा माळी नसीर शिडीवर चढून पन्हळच काढत होता. झालर आधीच उतरवून गोणपाटात गुंडाळली होती.

"नसीरभाई, मोडली का काय?" हौशीराम दचकून म्हणाला.

"मोडू नये म्हणून काढतोय. पाऊस तोंडावर आला ना."

"म्हंजे पावसाळ्यात पन्हळ नसती?" रखमाजीनं विचारलं.

"पावसाळ्यात बघायला कोण आहे? सेठ मुंबईला. इथल्या पावसात पत्रा गंजतो, वाऱ्यानं उडतो. पुढच्या उन्हाळ्यात सेठ यायच्या आत रंग देऊन परत लावायची."

रखमाजीनं मेव्हण्याकडं बघितलं. "हौशा, तुजी पन्हळ पावसाला भिती व्हय रं?"

"पर दिसती कशी, दाजी!"

परत आल्यावर रखमाजी आपल्या विहिरीवर पाणी प्यायला थांबला. तिथं गुरांना पाणी पाजायची लांबलचक डोण होती, जांभळीचं अख्खं खोड कोरून केलेली. सरुबाई लग्न होऊन आली तेव्हापासून ती भरत होती. बारा महिने ओलं, शेवाळलेलं लाकूड. रखमाजीनं त्यावर नख दाबलं. नखच दुखलं.

त्यानं डोणीचं एक तोंड करवतीनं उडवलं, वळचणीखाली दुफाटी टोकाच्या बेळक्या रोवल्या आणि डोण त्यांवर चढवली. गुरं पाण्यासाठी नदीवर जाऊ लागली.

आबा तपासायला आले. "रखमा, नवं लाकूड नगं म्हनलं व्हतं."

"नवं कुटं, आबा? तुमच्यापरीस थोडंच ल्हान हाय."

रखमाजीची गुरं आता छपरावर चढून पाणी पिणार, म्हणून गावानं हसून घेतलं.

आषाढात पावसानं मावळ झोडपला. हौशीरामनं हौसेनं स्वतःच्या घराला पत्र्याची पन्हळ लावली होती; ती पहिल्याच वाऱ्यात शेजाऱ्याच्या भातखाचरात जाऊन पडली. एका सकाळी तो भिजत रखमाजीकडं आला आणि वळचणीला उभा राहिला. वरचं पाणी डोणीतून अंगणाच्या कडेला धो धो पडत होतं.

"चालती की वो, दाजी. पर लय वंगाळ दिसती. जरा हिरवा रंग तरी द्या," असं म्हणत तो ओली पाठ भिंतीला टेकवणार, तोच रखमाजीनं त्याचा दंड धरून त्याला पावसात ओढलं.

"आता काय झालं?"

"तितं टेकायचं न्हाई."

हौशीरामनं वळून बघितलं. भिंत कोरडी होती. तिच्यावर बोटांचे फराटे होते. त्या बोटांचा मार त्यानं लहानपणी भरपूर खाल्ला होता; ओळखायला वेळ लागला नाही.

तो पावसातच उभा राहिला.

"रंगाचं ऱ्हाऊ द्या," म्हणाला.