जुन्या फिल्टरचं रबर

पोर्चमधल्या फरशीवर रोज सकाळी काळा डाग दिसायला लागला, तेव्हाच मी म्हटलं होतं, गाडी गॅरेजला न्या. पण आमचे हे निवृत्त झाल्यापासून घरातली एकही वस्तू न उघडता ठेवायला तयार नाहीत. मिक्सर ह्यांनी दुरुस्त केला तेव्हापासून तो एकाच वेगात फिरतो, आणि आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

“ऑइल फिल्टरपाशी गळतंय,” ह्यांनी गाडीखालून जाहीर केलं. “जुनं तेल काढायचं, फिल्टर बदलायचा, नवं तेल भरायचं. गॅरेज कशाला हवंय त्याला?”

लेक बाळाला घेऊन चार दिवस राहायला आली होती आणि दुपारी आमची हीच गाडी घेऊन आपल्या घरी परतणार होती. त्यामुळे ह्यांना भलताच हुरूप आला होता. जुना फिल्टर जागचा हलेना, तेव्हा त्यात स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून, दात-ओठ खात तो फिरवून काढला. नवा बसवला, तेल भरलं, खाली वर्तमानपत्र पसरून इंजिन चालू ठेवलं. थेंबही पडला नाही. लेकीनं तोंडभरून कौतुक केलं, बाळाला मागच्या सीटवर त्याच्या छोट्या खुर्चीत बांधलं आणि निघाली.

ह्यांना जेवायची घाई नव्हती. पसारा आवरता आवरता जुना फिल्टर हातात घेऊन बघत बसले. मग चिंधी झटकली, तेलाच्या घमेल्यात हात घातला.

“अगं, ह्याच्या तोंडाशी रबराचं कडं असतं. ते तू कुठं टाकलंस का?”

“मी त्या घाणीला हात लावेन का?”

“ते इंजिनलाच चिकटून राहिलं,” ते म्हणाले. “मी नवा फिल्टर त्याच्यावरच आवळला. रबरावर रबर. उभ्या गाडीत टिकेल, पण वेग घेतला की सरकेल. सगळं तेल दाबानं बाहेर येईल. आणि शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो, तापलेला.”

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, मग तो कुणाचाही असो, ही शिस्त ह्यांनीच तिला लावली होती, आणि आमची लेक बापाचा शब्द मोडत नाही. मी लावत राहिले. कधी नव्हे ते मला वाटलं, कार्टी जरा बेशिस्त निघाली असती तर बरं झालं असतं.

आम्ही स्कूटर काढली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकापाशी पहिला थेंब दिसला. “तो दुसऱ्या कुणाचा असेल,” मी म्हटलं. ह्यांनी वेग वाढवला. पुढे थेंब जवळजवळ यायला लागले. हायवेला लागल्यावर त्यांची ओळच झाली, आणि मग ओळ इतकी जाड झाली की स्कूटरचं चाक घसरू नये म्हणून हे बाजूनं चालवायला लागले. मला पुढे बघवत नव्हतं आणि खाली तर त्याहून बघवत नव्हतं. बाळाचे मऊ पाय सारखे डोळ्यांपुढे येत होते. मी ह्यांचा शर्ट मुठीत धरला होता. असा राग मला त्यांचा आयुष्यात आला नव्हता, आणि अशी कीवही.

वळणापुढे गाडी दिसली. बॉनेट उघडं, पुढच्या चाकाशी वाळूचा ढीग, आत कुणी नाही. मी स्कूटर थांबायच्या आधीच उतरले.

“आई, इकडे.”

पंक्चरवाल्याच्या टपरीत बाकावर लेक बसली होती, मांडीवर बाळ. वाळू त्या पंक्चरवाल्यानंच टाकली होती. मी बाळाला ओढून घेतलं. बाळाच्या झबल्याला जळक्या तेलाचा वास येत होता.

“वास मघापासूनच येत होता गं,” लेक हळूच म्हणाली. “मग धूर यायला लागला. पण बाबा सकाळपासून एवढे खपले होते. परत फिरले असते तर त्यांना किती लागलं असतं. म्हटलं, घरी पोचून बघू. शेवटी जाळ दिसला तेव्हा थांबले. फोन गाडीतच राहिला.”

हे माझ्या मागेच उभे होते.

“माझं मन राखायला?” त्यांनी विचारलं. “बाळ मागे असताना, माझं मन राखायला तू गाडी चालवत राहिलीस?”

तिनं वर पाहिलं. ती बाकावर सरकली आणि त्यांना जागा करून दिली.

“तसं काही नाही, बाबा,” ती म्हणाली. “माझंच काहीतरी चुकलं असेल. तुम्ही बसा आधी.”