न चुकणारा अंदाज

मिक्सर बनवणाऱ्या त्या कंपनीत अकाउंटंटबाईंच्या अंदाजाचा मोठा बोलबाला होता. वॉरंटीत किती मिक्सर परत येतील आणि दुरुस्तीसाठी किती पैसे बाजूला ठेवावे लागतील, हे त्या वर्षाच्या सुरुवातीलाच सांगत आणि वर्षअखेरी आकडा जवळपास तेवढाच भरे. या जोरावर साहेब त्यांना आज वित्तप्रमुख करणार होते. बाईंनी त्यासाठी केस पांढरे केले होते.

राहिली होती फक्त यंदाच्या आकड्यावर दुरुस्ती विभागाची सही. तो विभाग बाईंचे सख्खे काका सांभाळत. फोन उचलतील तर शपथ! शेवटी बाई तणतणत स्वतःच खाली गेल्या. काका जागेवर नव्हते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत छतापर्यंत मिक्सर रचलेले होते. प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या तक्रारीची चिठ्ठी बांधलेली.

"हे काय आहे, काका?" चहाचा कप घेऊन काका आले, तशा त्या कडाडल्या.

"तुझा यंदाचा आकडा भरला ना, त्याच्या वरचे आहेत. पुढच्या वर्षी नोंदवू," काका शांतपणे म्हणाले. "दरवर्षी असंच करतो. पहिल्या वर्षी तुझा अंदाज चुकला, तेव्हा साहेब काय काय बोलले होते तुला! म्हटलं, पोरीवर परत ती पाळी नको."

आता बाईंना सगळा उलगडा झाला. मागच्या वर्षीचा आकडा बघून त्या पुढचा अंदाज बांधत, आणि तो मागचा आकडा काका त्यांच्याच अंदाजावरून बेतत. इतकी वर्षं घाण्याला जुंपल्यासारख्या त्या गोल गोल फिरत होत्या, वर त्याबद्दल शाबासकीही घेत होत्या.

"अहो, टॅक्सवाल्यांना माझा अंदाज चालत नाही! दुरुस्तीचा खर्च खरोखर झाला, तरच ते नफ्यातून वजा करतात. तुम्ही दुरुस्ती लांबवलीत आणि आपण नसलेल्या नफ्यावर टॅक्स भरत बसलोय. आणि ही माणसं मिक्सरसाठी खेटे घालताहेत, त्यांचं काय?"

"पण अंदाज बरोबर आला की नाही?"

आता या माणसावर ओरडायचं तरी कसं? संताप संताप होत होता आणि तो काढायला जागा नव्हती. बाईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला, आकडा चुकीचा आहे, खरा तिप्पट तरी असेल, असं सांगून टाकलं. साहेब बराच वेळ बोलत राहिले. मग बाईंनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"वित्तप्रमुख बाहेरून आणणार."

काकांचा चेहरा पडला. ते जवळ आले, त्यांनी पुतणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी मनापासून म्हणाले, "जाऊ दे गं. पुढच्या वर्षी किती बिघडायला हवेत, ते फक्त मला आधी सांगून ठेव."