हलकं पिंप

भिंगरीचं खरं नाव घरात कुणीच घेत नाही. लहानपणी हाताला लागेल त्याची भिंगरी करून फिरवत बसायचा, म्हणून भिंगरी. आता विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला आहे, जळलेल्या मोटारीत नवी तार भरतो, दाढी आलीय, तरी घरी आला की भिंगरीच. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही. जे काही येतं ते मोडून, जोडून आणि दोन-चार शॉक खाऊन आलेलं.

त्याचे बाबा सुतार. घरामागे पत्र्याची शेड. शेडमध्ये गोल पात्याची करवत, रंधा मारायचं मशीन, भिंतीवर ओळीने लाकूड कोरायच्या पटाश्या. आणि बाबांच्या छातीत भुसा.

हे छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं. एक्सरे उजेडाला धरून म्हणाले, "आत गेला तो गेला. तो काही आता बाहेर येत नाही. पण नवीन जाऊ देऊ नका. जमत नसेल तर काम बंद करा."

बाबा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तीनदा थांबले. दम खायला. वर म्हणाले काय, तर, "काम बंद करा म्हणे. मग सकाळी उठू कशाला? तुमची तोंडं बघायला?"

म्हणून भिंगरीने भुसा ओढायचं यंत्र आणलं. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातलं, जुनं, दांडगं. मोठी मोटार, तिच्यावर पंखा, पंख्याला जाड पाइप, मागे कापडी पिशवी. करवतीखालून भुसा ओढायचा आणि पिशवीत कोंबायचा, एवढंच त्याचं काम. पण बटण दाबलं की स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरायच्या. आईने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. कुंभकर्ण.

मग रोजचा तमाशा सुरू झाला. बाबा दोन फळ्या कापायचे आणि हळूच बटण बंद करायचे. घोरणं थांबलं पण करवत चालूच आहे असं दिसलं, की आई खिडकीतून ओरडायची, "अहो! लावा ते!"

"लावतोय, लावतोय."

लागायचं. थोड्या वेळाने पुन्हा बंद. पुन्हा "अहो!" घसा आईचा बसला, खोकला बाबांचा वाढला.

एकदा जेवताना भिंगरीने विषय काढलाच. "बाबा, का बंद करता तुम्ही ते?"

"अरे, करवत काय बोलते ते ऐकू येत नाही मला. पातं अडकायला लागलं ना, की आधी त्याचा आवाज बदलतो. तो ऐकून हात मागे घ्यायचा असतो. हा तुझा कुंभकर्ण कानाशी बोंबलत असताना मला कळणार कसं? बोट गेलं तर तू आणून देशील दुकानातून?"

 खरंच होतं ते.

"बरं," भिंगरी म्हणाला, "मी आवाज कमी केला तर? मग लावाल?"

"मग का नाही लावणार? मला काय हौस आलीय खोकायची?"

झालं. हे वाक्य भिंगरीने गाठीला बांधलं. आवाज कमी केला की बाबा यंत्र लावणार, यंत्र लावलं की भुसा जाणार नाही, भुसा गेला नाही की बाबा आहेत तसे राहतील. याहून जास्त त्याला काही नकोच होतं. बरे होतील असं डॉक्टरही म्हणाले नव्हते. आहेत तसे राहिले तरी गंगेत घोडं न्हालं.

सुट्टीच्या दिवशी काम सुरू झालं. दुकानातून आला की असली यंत्रं बनवणाऱ्या एका माणसाचे व्हिडिओ बघायचा, तो परक्या भाषेत काय बोलतोय ते कळायचं नाही, पण हात दिसायचे. हातांवरून शिकला. पहिलं म्हणजे मोटार शेडच्या बाहेर, मागच्या भिंतीला काढली. तिच्या पायाखाली जुन्या टायरचे तुकडे घातले, म्हणजे भिंत हलणार नाही. पाइपाची काटकोनातली वळणं काढून टाकली, कारण तिथेच हवा शीळ घालत होती. करवत आणि मोटार यांच्या मध्ये एक पिंप बसवलं. त्याच्या झाकणावर पत्र्याचं नरसाळं, हवा त्यात गरगर फिरते, जड भुसा खाली पिंपात पडतो, आणि नुसती हवा पुढे जाते.

"म्हणजे शेवटी भिंगरीच केलीस," बाबा म्हणाले.

आता मोटारीवर खोका हवा होता, आतून गादीचा फोम लावलेला. भिंगरीने प्लायवुड आणलं आणि खिळे ठोकायला घेतले. बाबा दारात उभे. बघवेना त्यांना.

"सरक. हे काय, कोंबड्यांचं खुराडं करतोयस?"

आणि खोका बाबांनी केला. कोपऱ्यांना दात पाडून, एकात एक गुंतवून, खिळा न वापरता. भिंगरी फळ्या धरायचा, बाबा सांगायचे, "डावीकडे. अरे डावीकडे म्हणजे तुझं नाही, माझं डावं." कापताना कुंभकर्ण अर्थातच सुटा होऊन पडला होता, त्यामुळे भुसा सरळ नाकात. बाबा कापायचे, खोकायचे, भिंतीला टेकायचे, पुन्हा कापायचे. "फडकं तरी बांधा तोंडाला," भिंगरी म्हणायचा. बाबा बांधायचे आणि बोलायला म्हणून खाली ओढायचे. आणि बोलत होते तर किती! एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस.

खोका इतका पक्का झाला की पहिल्याच दिवशी मोटार तापून जळाली. बाबांच्या सांध्यांतून मुंगी जाईना, तर हवा कुठून जाणार? सगळीकडे जळकट वास.

"माझं काम चांगलं असतं हा माझा गुन्हा," बाबा म्हणाले आणि हसता हसता खोकत बसले.

भिंगरीने मोटार पुन्हा भरली. खोक्याला हवेसाठी वाट ठेवली, पण सरळ नाही, नागमोडी. हवा वळणं घेत बाहेर पडते, आवाज वळणावळणावर फोमला धडकून दमतो. पुन्हा सगळं जोडलं. बटण दाबलं.

आई खिडकीतून म्हणाली, "लाव की आता, कशाची वाट बघतोयस?"

"लावलंय."

"काय सांगतोस!" आई हात पुसत शेडमध्ये आली. पाइपाच्या तोंडाशी हात धरला, तर पदर आत ओढला गेला. "अगं बाई! मेला मला खातोय!" कुंभकर्ण आता नुसता हूं म्हणत होता, माणूस ऐकत असल्यासारखा.

बाबांनी एक फळी करवतीवर चालवली. पात्याचा आवाज सुरीसारखा स्वच्छ. ते म्हणाले, "इंजिनिअर आहेस." एवढंच. भिंगरी दुकानात दोन दिवस तो शब्द मनात घोळवत मोटारी भरत होता.

पुढचे दिवस मजेत गेले. भिंगरी संध्याकाळी घरी यायचा तेव्हा शेडमधून हूं ऐकू यायचं, शेड लख्ख, जमिनीवर भुशाचा कण नाही. आईचं ओरडणं बंद झालं. "आता ओरडायला कामच ठेवलं नाहीस तू मला," ती म्हणायची. बाबांचं काम जोरात होतं, कुणाच्या तरी जेवणघराचं मोठं टेबल आणि खुर्च्या चालू होत्या. खोकला मात्र होता तसाच. उलट सकाळी थोडा जास्तच. भिंगरी स्वतःला समजवायचा, असं लगेच थोडंच कमी होतं.

टेबल-खुर्च्या गेल्या त्या दिवशी त्याला आठवलं की आपण पिंप एकदाही रिकामं केलेलं नाही. इतकं काम झालंय, म्हणजे गच्च भरलेलं असणार. त्याने झाकणाचे पाइप सोडवले. गच्च पिंप उचलताना कंबर धरते, म्हणून त्याने पाय रोवले, श्वास घेतला, दोन्ही हातांनी कडा धरल्या आणि जीव खाऊन उचललं.

पिंप पिसासारखं वर आलं. कड हनुवटीवर आपटली, भिंगरी मागच्या मागे फळ्यांवर बसला.

झाकण काढलं, तर आत तळाला मूठभर भुसा होता. बस.

पहिल्यांदा त्याला वाटलं, कुठे तरी गळती असेल. माणूस स्वतःची चूक आधी शोधतो. पाइप तपासला, नरसाळं तपासलं, मागची पिशवी उघडून बघितली. सगळं ठणठणीत. मग शेडमागे गेला. ताडपत्रीखाली पोती होती. तोंड बांधलेली, एकावर एक रचलेली. त्याने एक सोडलं. भुसा. शेजारी झाडू टेकवलेला.

म्हणजे यंत्र बंद ठेवून दिवसभर काम. मग पोरगा यायच्या आधी शेड झाडायची, झाडूने, सगळ्यात बारीक पीठ हवेत उडवत, मग पोत्यात भरायचं, मग बटण दाबायचं. हूं.

आणि आईला कळणार कसं? आधी घोरणं थांबलं की तिला कळायचं. त्या आवाजाचीच तर राखण होती बाबांवर. ती राखण भिंगरीने स्वतःच्या हाताने, फोम लावून, काढून टाकली होती.

तो शेडमध्ये परत आला. बाबा काचकागद हातात घेऊन उभे होते. पोराच्या अंगावरचा भुसा बघून समजले.

"कधीपासून?" भिंगरीने विचारलं.

"काय?"

"बाबा!"

बाबा स्टुलावर बसले. "पहिले दोन दिवस लावलं होतं. खरंच लावलं होतं."

"मग? आवाज होतो अजून?"

"नाही रे. आवाज छान आहे."

"मग काय!"

बाबांनी जमिनीवरून चिमूटभर भुसा उचलला आणि बोटांत चोळला. "भुसा पडताना दिसायला हवा मला. दाणेदार पडला म्हणजे पातं धारेवर आहे. पीठ पडायला लागलं म्हणजे पातं बोथटलं. ओला वाटला तर लाकूड अजून वाळायचंय. तुझं यंत्र पडायच्या आत गिळतं. डोळ्यांवर पट्टी बांधून काम केल्यासारखं वाटतं."

"तुम्ही तर आवाज म्हणाला होतात!"

"आवाजही होताच की. त्याचाही त्रासच होता."

"हे तेव्हाच का नाही सांगितलं? मी इतके दिवस... मोटार जळाली, पुन्हा भरली..."

बाबा खाली बघत होते. मग म्हणाले, "पण खोका करताना मजा आली ना?"

भिंगरीने पिंपाचं झाकण दाणकन लावलं.  पण खरंच आली होती ना मजा.

आईला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. नुसती गॅस बंद करून बसली. "मला वाटलं, चालू आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने वायर बदलली. करवत आणि यंत्र एकाच बटणावर. यंत्र चालू झाल्याशिवाय करवत फिरणारच नाही. रंध्याचंही तसंच. बाबा शेजारी उभे राहून टेस्टर देत होते, पक्कड देत होते. एका शब्दाने अडवलं नाही. तिथेच खरं तर शंका यायला हवी होती.

संध्याकाळी दुकानातून आला तर शेड गप्प. हूं नाही, करवत नाही. क्षणभर त्याला वाटलं, ऐकलं शेवटी, आज आराम करतायत. मग भिंतीतून आलं. खर्र, खर्र, खर्र. थांबलं. खोकला, लांब, तळातून ओढून काढल्यासारखा. मग पुन्हा खर्र, खर्र.

हातकरवत.

आई खिडकीत उभी होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "तिलाही बटण लाव आता," आई म्हणाली. हसू यावं असं बोलली, पण दोघांनाही हसू आलं नाही.

भिंगरी दारात थांबला. बाबा फळीवर गुडघा टेकवून कापत होते. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि उन्हात भुसा तरंगत होता, सोन्यासारखा, शांतपणे. बाबा मध्ये मध्ये थांबून खाली पडलेला भुसा बघत होते. चेहरा असा, की पोराला त्या चेहऱ्यावरून हात फिरवावासा वाटला आणि गचांडीही धरावीशी वाटली.

हातकरवतही हिसकावून घेता आली असती. मग बाबांनी पटाशी घेतली असती. पटाशी काढून घेतली असती तर काचकागद. माणसाला काही एका बटणावर जोडता येत नाही.

तो आत गेला. करवतीखालचा लवचिक पाइप सोडवला, यंत्राची वायर सुटी करून थेट लावली. हूं सुरू झालं. पाइपाचं तोंड घेऊन तो बाबांच्या समोर उकिडवा बसला आणि हातकरवतीच्या दातांशी धरलं. भुसा सुर्रकन आत जायला लागला.

बाबा थांबले. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"थोडं लांब धर."

"बाबा..."

"दिसू दे जरा."

भिंगरीने पाइप वीतभर मागे घेतला. थोडा भुसा आत गेला, थोडा जमिनीवर पडला, थोडा वर उन्हात गेला.

"अजून जरा."

"नाही," भिंगरी म्हणाला. "आता बास."

"बरं," बाबा म्हणाले आणि कापायला लागले. पाइप धरून भिंगरीचा हात भरून आला, मग त्याने हात बदलला. खर्र, खर्र चालूच होतं. उद्या तो दुकानात असणार होता, आणि पाइप धरायला इथे कुणी नसणार होतं.