दुसऱ्या आवृत्तीसाठी दोन ओळी

भूकंपाला वर्ष झालं तरी आम्ही पत्र्याच्या शेडातच होतो. तेव्हा लातूरचे कोचिंगवाले बिराजदार सर त्यांनी लिहिलेलं पुस्तक घेऊन आले, 'भूकंप आणि देवाचा न्याय'. परीक्षेच्या गाइडासारखे प्रश्न आणि खाली उत्तरं.

माझी दोन्ही लेकरं गणपती बुडवून आली, झोपली आणि भिंतीखाली गेली. सरांचा पहिलाच प्रश्न होता, देवानं भक्तांनाच का नेलं? उत्तर चांगलं तीन पानांचं.

"प्रयागबाई, दुसऱ्या आवृत्तीत छापायला तुमच्या दोन ओळी द्या," सर म्हणाले. "वाचून शांती मिळाली, एवढंच लिहा."

"हे प्रश्न तुम्हाला कुणी विचारले?"

"भूकंपग्रस्तांच्या मनातलेच आहेत."

"ह्या शेडात कुणीच न्हाई विचारले. आम्ही विचारलं, टँकर कधी येणार, आणि कोणत्या चितेवर कोण होतं. त्याचं उत्तर हाय का ह्यात?"

सर म्हणाले, "लातुरात पहिली आवृत्ती पंधरा दिवसांत संपली."

"संपणारच. तिथं घरं उभी हायत. डोक्यावरचं छत बघून तुम्हालाच भ्या वाटाय लागलं, अन् समजूत आमची काढायला आलात."

तरी त्यांनी वही पुढं केलीच. मी लिहून दिलं: 'सरांना देवाची शंका आली होती. आता फिटली.'

सहीच्या जागी माझ्या दोन्ही लेकरांची नावं घातली.