सीधी बाजू

चिंचवडच्या वाचनालयात येणारे लोक दोन प्रकारचे होते. एक फुकट वर्तमानपत्र वाचणारे आणि दुसरे ते वर्तमानपत्र पहिल्याच्या हातून कधी सुटतंय याची वाट बघत बसणारे. अशा ठिकाणी ग्रंथपाल म्हणून अर्जुनरावांची उमेद वाया चालली होती. पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयात ते उमेदवारीला होते, तेव्हा तिथे संशोधकांची केवढी बडदास्त ठेवतात ते त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडेही एखादा संशोधक यावा आणि आपण त्याच्या दिमतीला उभं राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. माणसं देवाकडे मुलगा मागतात, यांनी संशोधक मागितला.

आणि तो आला. पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातून, पायी, काखेत कापडी गाठोडं घेऊन. होतचंद मास्तर त्याचं नाव. फाळणीआधी सिंधमध्ये शाळामास्तर होते. सुट्टी लागली की सिंधू नदीवर जायचं, नावाड्यांच्या होड्यांत राहायचं आणि त्यांच्या बोलीतले शब्द टिपायचे, यात त्यांचं तारुण्य गेलं होतं. वाऱ्याचे शब्द, गाळाचे, दोरांचे, भोवऱ्यांचे. ते नावाडी तिकडेच राहिले आणि मास्तर कराचीहून आगबोटीने इकडे आले. आणता आलं ते एक गाठोडं, शब्दांच्या चिठ्ठ्यांचं. त्यातून त्यांना कोश करायचा होता. कॅम्पातल्या एका खोलीत तीन कुटुंबं राहत, तिथे कागद पसरायला जागा नव्हती.

अर्जुनरावांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी कपाटामागे खिडकीजवळ एक टेबल टाकलं आणि वर स्वतःच्या हाताने ‘संशोधक कक्ष’ अशी पाटी लावली. कार्यकारिणीतल्या लोकांनी पुष्कळ थट्टा केली. एक कक्ष, एक टेबल, एक संशोधक. बरं झालं, भांडण नको. अर्जुनराव ऐकून घेत. पुण्याहून मास्तरांना लागतील ते कोश पिशवीत घालून ते स्वतः आणत, परत पोचवत. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा एक भिंग पैदा केलं. कागद महाग होता, म्हणून सभांच्या नोटिसा, जुनी कॅलेंडरं, जाहिराती, जे एका बाजूने कोरं सापडेल ते गोळा करून दिलं. कागद लहानमोठे, पण मास्तरांचं अक्षर सगळ्यांवर सारखंच देखणं.

त्यांची लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. उजव्या कडेला शिवणीपुरती दोन बोटं जागा सोडून शब्द लिहायचा, आणि मग डावीकडे त्याचा अर्थ. अर्जुनरावांना त्यातलं एक अक्षर कळत नसे, तरी ते मागे उभे राहून कौतुकाने बघत. एखाद्या अर्थापाशी थांबून मास्तर मोडक्या मराठीत समजावून सांगत, आणि अर्जुनराव मान डोलवत.

एका पानाची नक्कल झाली की त्याच्या जुन्या चिठ्ठ्या मास्तर पवनेत सोडून येत. अर्जुनराव एकदा सोबत गेले आणि न राहवून म्हणाले, “मास्तर, ठेवा की जपून.”

“दर्याकडून घेतलं, दर्याला परत,” मास्तर हात जोडून म्हणाले; नदीला ते दर्याच म्हणत. “आमच्यात पाण्याचं देणं ठेवत नाहीत.”

अर्जुनरावांनीही नदीला हात जोडले.

वर्षं गेली. कोश पुरा झाला आणि मास्तरांचे डोळेही जवळजवळ संपले. एक डोळा शस्त्रक्रियेत गेला, दुसऱ्याने भिंगातून ओळभर दिसे. मुंबईच्या एका संस्थेने कोश छापण्याचं मनावर घेतलं. अट एकच होती, सुटे कागद नकोत, दिवाळीच्या आत बांधीव प्रत पाहिजे. अर्जुनराव म्हणाले, “बांधणी वाचनालयाकडे लागली. तुम्ही कागदाला हात लावायचा नाही.”

मास्तरांनी गठ्ठा त्यांच्या हातात दिला. पुन्हा एकदा हात लावून पाहिला आणि म्हणाले, “सीधी बाजूसे सिलाई करायला सांगा हां, अर्जुनराव. सीधी बाजू.”

“अगदी निर्धास्त असा,” अर्जुनराव म्हणाले.

वाचनालयाची बांधणी चांदभाई करत असे. पण पिंपरीला नवे कारखाने निघाले होते. बांधणीवर पोट भरेना म्हणून चांदभाई एकात शिफ्टवर लागला होता, आणि आठवडाभर त्याची गाठ पडली नाही. दिवाळी तोंडावर आलेली. मग अर्जुनराव गठ्ठा घेऊन सयाजीकडे गेले. सयाजी शाळेची पुस्तकं आणि दुकानदारांच्या वह्या बांधायचा. हात चांगला होता त्याचा.

त्याने गठ्ठा उलटापालटा करून पाहिला. “रावसाहेब, ह्ये समदं किडामुंगीवानी हाय. शिवण कुन्या अंगाला घालू?”

“सीधी बाजू म्हणालेत मास्तर. सीधी म्हणजे सरळ, आपल्या पुस्तकासारखी. आणि हे बघ, प्रत मुंबईला जायची आहे. कागद लहानमोठे दिसता कामा नयेत.”

“त्ये बगा माज्याकडं लागलं.”

तिसऱ्या दिवशी पुस्तक तयार झालं. लाल कापडी पुठ्ठा, तिन्ही कडा कापून अशा सपाट केलेल्या की बोट घसरावं. अर्जुनरावांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं आणि मास्तरांच्या टेबलावर ठेवलं. इतके खूश ते आपल्या लग्नातही नसतील.

मास्तरांनी पुस्तक चाचपलं, हसले. आपल्या सवयीने उघडायला गेले तर हाताला कणा लागला. “उलटं ठेवलंत,” असं म्हणून त्यांनी ते फिरवलं. पुन्हा उघडलं. भिंग लावलं, नाक कागदाला टेकेस्तोवर वाकले आणि पानाच्या उजव्या कडेवरून बोट खाली नेलं. पुढचं पान. त्याच्या पुढचं. अर्जुनराव शाबासकीची वाट पाहत उभे होते.

“अर्जुनराव,” मास्तर हळूच म्हणाले, “लफ्ज कुठे आहेत?”

“म्हणजे?”

“माने आहेत. हे बघा, अर्थ सगळे आहेत. लफ्ज नाहीत.”

अर्जुनरावांनी वाकून पाहिलं. शिवण डाव्या अंगाला पडली होती आणि उजवी कड कापायच्या यंत्राखाली गेली होती. सगळ्यांत अरुंद कागद सभेच्या नोटिसांचे, त्यांनीच आणून दिलेले. त्यांच्या मापाला बाकीचे सगळे उतरवले होते. नोटिसांवरचे शब्द तेवढे बचावले, बाकी प्रत्येक ओळीचं डोकं उडालं होतं.

“तुम्हीच म्हणालात, सीधी बाजू,” अर्जुनराव कसेबसे बोलले.

मास्तरांनी आपला उजवा हात वर केला. “सीधा हाथ,” ते म्हणाले. “हा.”

अर्जुनरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. कॅम्पात रस्ता विचारला की लोक म्हणत, सीधे हाथ को मुडो, आणि ते बरोबर उजवीकडे वळत. पण त्या दिवशी मास्तरांचं बोलणं ते कानाने नव्हे, मिरवायच्या घाईने ऐकत होते. सेवा करण्याची एवढी हौस, की ज्याची सेवा करायची त्याचं पुस्तक कुठून सुरू होतं हेही विचारावंसं वाटलं नाही. करायला गेले गणपती, झाला मारुती.

ते तसेच धावत सयाजीकडे गेले. सयाजी चुलीपुढे बसला होता.

“कातरण? ती व्हय, चुलीत घातली की. खळ शिजवायला काय तरी जाळाया लागतंया न्हवं?” अर्जुनरावांचा चेहरा बघून तो उठून उभा राहिला. “काय चुकलं का माजं, रावसाहेब?”

“तुझं नाही,” अर्जुनराव म्हणाले. ज्या खळीने पुस्तक चिकटवलं, ती त्याच शब्दांवर शिजली होती. ते रस्त्याच्या कडेला बसले आणि भर दुपारी लहान मुलासारखे रडले.

दिवाळी गेली, मुंबईला काहीच गेलं नाही. मास्तर मात्र टेबलाशी येत राहिले. एका शब्दाने त्यांनी अर्जुनरावांना बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं अर्जुनरावांना रोज वाटे. मास्तर भिंगातून अर्थ वाचत, डोळे मिटून शब्द आठवत, आणि आठवला की अर्जुनरावांकडून देवनागरीत लिहून घेत. सुरुवातीला पुष्कळ आठवले. मग कमी. ते शब्द बोलणारं इथे कुणी नव्हतं. कॅम्पात विचारावं तर सगळे शहरातले, दुकानदार. त्यांनी सिंधू पाहिली ती पुलावरून.

माघात एका सकाळी मास्तर एका ओळीवर अडले.

“काय लिहिलंय?” अर्जुनरावांनी विचारलं.

“धुकं पडतं. दुसरी नाव आहे की नाही, दिसत नाही. तेव्हा नाववाला हाक देतो. तिकडे कुणी असलं तर तीच हाक परत देतो. त्या हाकेचा लफ्ज.”

“आठवा. सावकाश आठवा.”

मास्तरांनी दोन्ही हात तोंडाशी धरले. मान वर केली, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी माना वळवून पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या. मास्तर तसेच, तोंडाशी हात धरून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी खिडकीकडे बघत राहिले.

त्या माणसाला आपण उलट साद द्यावी, असं अर्जुनरावांना फार फार वाटलं. पण साद द्यायची तर तोच शब्द लागत होता, आणि तो त्यांनी कापून टाकला होता.