पालथं ठेवलेलं पॅड

"ह्या नटांना कुणी अंगाई गाऊन झोपवलंय की काय, उठायचं नावच घेत नाहीत," बाबा पुटपुटले.

धाकटीचा कान त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता म्हणून तिला ऐकू आलं. ती चाकासमोर उकिडवी बसली होती आणि बाबा शेजारी बुटक्या स्टुलावर. पाना तिच्या हातात होता, कुरकुर मात्र त्यांची. तिने पान्यावर पाय देऊन सगळा भार टाकला तेव्हा पहिला नट कर्रकन बोलला.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" बाबा म्हणाले. काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

गाडीच्या नाकावर अजून फाटकाच्या खांबाचा रंग लागलेला होता. बाबा आणि आई दोघं गाडीत असताना, घरी परत येताना, फाटकातून आत वळता वळता गाडी सरळ खांबावर गेली होती. "ब्रेक लागलेच नाहीत," बाबा खाली उतरून म्हणाले. त्यावर घरातल्या सगळ्यांनी असा सुटकेचा निःश्वास टाकला होता, की खांबाचं कुणाला काही वाटलं नाही. ब्रेक बदलले की झालं. सोमवारपासून नातीला पोहायला नेण्याचं काम पुन्हा आजोबांकडे. नात म्हणजे धाकटीचीच मुलगी. मागच्या सीटवर बसून ती आजोबांना गाणी म्हणून दाखवायची, आणि आजोबा स्टिअरिंगवर ठेका धरायचे.

धाकटीने जॅक लावला, गाडी उचलली, खाली आधाराचा घोडा सरकवला आणि चाक काढलं. आयुष्यभर बाबांनी आपल्या गाडीला परक्याचा हात लागू दिला नव्हता. ताई चित्रं काढत बसायची आणि धाकटी गाडीखाली, त्यामुळे हात काळे करायचा वारसा आपोआप हिच्याकडे आला.

"कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नकोस. तारेने वर बांध."

"बांधते, बाबा."

"बांधते म्हणतेस आणि विसरतेस."

"कधी विसरले?"

"विसरली असतीस."

जुनी डिस्क गंजून हबला चिकटली होती. हातोडीचे चार ठोके खाल्ल्यावर आपल्या मनाने निघाली. मग ब्रेकचे जुने पॅड. बाबांची एक ठरलेली रीत होती. जुनं पॅड नव्याच्या शेजारी ठेवायचं आणि डोळ्यांनी फरक मोजायचा. "नाहीतर दुकानदाराची भर करतोय की गाडीची, ते कळत नाही," असं ते म्हणत. आज हात पुसून त्यांनी तसंच केलं. वर्तमानपत्रावर नवं पॅड, शेजारी जुनं.

जुनं चांगलं जाड होतं. अजून वर्ष सहज काढलं असतं.

दोघांनीही पाहिलं. बाबांनी पॅड उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि परत ठेवलं, पण पालथं. आता वर फक्त लोखंडी पत्रा दिसत होता.

"काय, गेलेच होते ना?" आईने पायरीवरून विचारलं. ती शेंगा सोलत बसली होती.

"हो," धाकटी म्हणाली. "गेलेच होते."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला. पण हात थांबवायला सबब नव्हती. तिने नव्या डिस्कवरचं तेल पुसून काढलं, पिस्टन हळूहळू आत ढकलला, नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले.

बाबा स्टुलावरून उठले. उजवी चप्पल तिथेच राहिली. एक पाय अनवाणी, तसेच ते निघाले, खडीवरून, चेहऱ्यावरची एक रेषही न हलवता. आई उठली, चप्पल उचलली आणि गाडीच्या दाराशी नेऊन ठेवली. या घरात ते काम ज्याच्या नजरेला पडेल तो करी. कधी चप्पल न्हाणीघराबाहेर सापडे, कधी जिन्यात. उचलायची, बाबांच्या खुर्चीपाशी ठेवायची आणि क्रिकेटबद्दल काहीतरी बोलायचं.

बाबा चालकाच्या सीटवर बसले. "आता मी पेडल दाबतो, तू डिस्क फिरवून बघ. पहिल्यांदा पोकळ जाईल, घाबरू नकोस. पिस्टन मागे गेलाय ना, चार-पाचदा पंप करावं लागतं. मग कडक होतं."

"माहितेय, बाबा. तुम्हीच शिकवलंय."

"मग दाबू?"

"दाबा."

तिने दोन्ही हातांनी डिस्क फिरवली.

"अगं, पहिल्याच दाबाला दगडासारखं!" बाबा आतून ओरडले. आवाजात इतका आनंद होता, की क्षणभर तीही हसली. "याला म्हणतात माल! थांबली ना?"

डिस्क तिच्या हातात आरामात फिरत होती.

"पुन्हा दाबा."

"दाबलाय की! अजून काय उभा राहू त्याच्यावर?"

धाकटी डिस्कपासून उठली आणि उघड्या दारातून वाकली. बाबांचं गुडघ्यावरचं धोतर ताणलं होतं, पोटरीची शीर फुगली होती. सगळा जोर लावून त्यांचा उघडा पाय पेडलच्या शेजारी, गाडीच्या तळावर दाबला गेला होता. पेडल वर, जिथल्या तिथे. बाबा समोर बघत होते, काम चोख झाल्यासारखे.

"थांबली का? सांग की."

थांबली म्हणायला काही लागत नव्हतं. पॅडबद्दल मघाशी तसंच तर म्हणून झालं होतं. तिला मागची सीट दिसली. कोपऱ्यात मुलीची पोहायची टोपी पडली होती.

"फिरतेय, बाबा."

"म्हणजे पॅड नकली निघाले," बाबा म्हणाले. "उद्या दुकानात जाऊन त्याला असा झापतो..."

आई शेंगांची परडी घेऊन कधी दाराशी आली ते कुणाला कळलं नाही. तिने आत पाहिलं. परडी गाडीच्या टपावर ठेवली आणि दाराची कड धरून खाली वाकली.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा पाय ब्रेकवर नाहीये. त्या दिवशीही नव्हता. मी शेजारीच बसले होते."