टेबलाखालची युनियन

युनियनच्या अकराव्या वाढदिवशी रामाचार्य गुरुजींनी युनियनचा इतिहास वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर माझं डोकं फिरलं. गुरुजी आमचे सल्लागार. बीदरच्या आमच्या शर्ट कारखान्यात त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नाही, पण इतिहासात युनियन त्यांच्याच ओसरीवर जन्मली होती. मी, सेक्रेटरी तुळजा, तिथं नुसती 'उपस्थित महिला'. अनसाबाईचं तर नावच नव्हतं.

अनसाबाई कालच रिटायर झालेली. निरोपाची शाल पांघरून ती माझ्या शेजारी बसली होती.

"माजं नाव कामून न्हाई गं? नोकरी जाईल म्हणून अकरा वर्सं गप बसले. आता तरी येऊ दे की."

खरा इतिहास असा. तेव्हा सुपरवायझर सुनीलकुमार दोघी बोलताना दिसल्या की घरी पाठवायचा. बाथरूमलासुद्धा एकेकीनंच जायचं. पण कारखान्याचा एक नियम होता: सुई मोडली की तिचा तुकडा न तुकडा शोधून वहीत चिकटवायचा. एक जरी कमी पडला तरी लाइन बंद, सगळ्यांनी शोधायचं. टोक शर्टात राहून गिऱ्हाइकाला टोचलं तर मालकाची अब्रू जाते ना!

त्या दिवशी अनसाबाईची सुई मोडली आणि टोक काही सापडेना. आम्ही चाळीस बायका दोन तास टेबलांखाली रांगत होतो. देवापुढं कधी एवढं लोटांगण घातलं नव्हतं. सुनीलकुमार वरून ओरडायचा, "नीट शोधा!" आम्ही खाली नीट युनियन काढत होतो. मशीनच्या तेलात बुडवलेला अनसाबाईचा अंगठा कागदावर पहिला उठला.

तोच सुनीलकुमार आज मॅनेजर आणि आमचा प्रमुख पाहुणा. गुरुजींचं वाचन मधेच तोडून अनसाबाई स्टेजवर चढली.

"सायेब, मोडक्या सुयांची ती वही हाय का अजून?"

"हाय की. कामून?"

"एक तुकडा कमी हाय त्यात." तिनं कमरेच्या बटव्यातून चिकटपट्टीत जपलेलं टोक काढून त्याच्यापुढं ठेवलं. "घ्या, सापडला. माज्या अंबाड्यात होता."

सभा हसून लोळली.

गुरुजींनी पेनचं टोपण काढलं. "बाई, तुमचं पूर्ण नाव काय?" अकरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं त्यांनी.

तिनं सांगितलं. तिला वाचता येत नाही, तरी लिहून होईपर्यंत ती टेबलापाशीच उभी राहिली.